ख्याति आणि प्रत्यय : बोरघाटांतील वाहनपरीक्षेचा इतिहास

१.

वाहन विकत घेणारा मनुष्य कशावर विश्वास ठेवतो, हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्या कक्षेंतला आहे असें प्रथमदर्शनीं वाटणार नाहीं. मोटारीची खरेदी हा बाजाराचा विषय. त्याचा पोथ्यांशीं व शिलालेखांशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. परंतु ज्या मावळ तालुक्यांत प्रस्तुत लेखकाचें आयुष्य अध्यापनांत गेलें, तेथें हा प्रश्न फार पूर्वींपासून विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तराचे पुरावे दगडावर, कागदावर व लोखंडावर अशा तिन्ही ठिकाणीं सांपडतात. ते एकत्र मांडून पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

आरंभ कार्ल्याच्या चैत्यगृहापासून करूं. कोंकणांतून बोरघाटानें वर येणारा व्यापारी मार्ग या डोंगराच्या पायथ्यावरून जाई. चैत्याच्या दर्शनी भागावर जे लेख आहेत त्यांपैकीं दोन आपल्या कामाचे आहेत. एका लेखांत वैजयन्तीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो कीं, हें शैलगृह त्यानें पूर्ण केलें व तें जंबुद्वीपांत उत्तम आहे. दुसरा लेख धेनुकाकट येथील सामी नांवाच्या सुताराचा आहे. वेणुवासाचा पुत्र सामी यानें या गृहाचें मुख घडविलें, एवढेंच तो सांगतो. उत्तमाधमाचा शब्द त्यांत नाहीं. काम समोर आहे, करणाऱ्याचें नांव खालीं आहे. पाहणाऱ्यानें काय तें ठरवावें.

या दोन लेखांत वस्तूच्या नांवलौकिकाचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. वस्तूविषयीं तिच्या धन्यानें जें सांगावें ती ख्याति. वापरणाऱ्यास वस्तूपासून जें कळावें तो प्रत्यय. भूतपालाचा दावा खोटा होता असें मुळींच नाहीं; दोन हजार वर्षांनीं आम्हीही तें लेणें उत्तमच म्हणतों. पण तो दावा खरा आहे हें आपणांस त्याच्या शब्दांवरून कळत नाहीं, सामीच्या हातावरून कळतें. हा भेद ध्यानांत ठेवून पुढें जावें.

२.

मोटारीच्या आधीं घोडा होता, आणि घोड्याचा बाजार हा प्राचीन काळचा मोठा जोखमीचा बाजार. कौटिलीय अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण या दृष्टीनें वाचलें म्हणजे आश्चर्य वाटतें. तेथें कांबोज, सिंधु, आरट्ट व वनायु या देशांचे घोडे उत्तम, बाह्लीक, पापेय, सौवीर व तैतल येथील मध्यम, व बाकीचे कनिष्ठ, अशी देशावरून प्रतवारी लावली आहे. आज एखादा गृहस्थ अमुक देशाची मोटार म्हटली कीं डोळे मिटून घ्यावी असें म्हणतो, तेव्हां तो नकळत हीच प्रतवारी पुढें चालवीत असतो.

परंतु कौटिल्य येथेंच थांबत नाहीं, हें विशेष. अश्वाध्यक्षानें प्रत्येक घोड्याचें कुल, वय, वर्ण, चिह्न, वर्ग व आगम लिहून ठेवावें, असें तो सांगतो. आगम म्हणजे घोडा कोठून व कसा आला : विक्रीस आलेला, विकत घेतलेला, युद्धांत मिळालेला, घरींच निपजलेला, साहाय्याच्या मोबदल्यांत मिळालेला, गहाण पडलेला, कीं थोड्या काळापुरता ठेवलेला. देशाच्या नांवावर भरंवसा ठेवावा, पण प्रत्येक जनावराची नोंद वेगळी ठेवावी, असें हें दुहेरी धोरण आहे. ख्याति ही जातीची असते. प्रत्यय हा व्यक्तीचाच घ्यावा लागतो.

पुढें मुसलमानी अमलांत दाग व चेहरा यांची पद्धति रूढ झाली. अलाउद्दीन खिलजीनें घोड्यांना डाग देण्याची सक्ति केली. अकबरानें तीच पद्धति पुन्हा कडकपणें चालविली. त्याचें कारण प्रसिद्ध आहे. हजिरीच्या वेळीं चांगला घोडा दाखवावा व प्रत्यक्ष चाकरीस तट्टू पाठवावें, ही लबाडी सार्वत्रिक होती. म्हणजे डाग हा मूळचा अलंकार नव्हे, जाहिरातही नव्हे. तो संशयांतून जन्मलेला आहे. आजचे मोटारीवरील चिह्न पाहून ज्यांची छाती फुगते त्यांनीं हा पूर्वेतिहास विसरूं नये. आईन-इ-अकबरींत अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला असे घोड्यांचे सात वर्ग दिले आहेत, व त्यांप्रमाणें खर्चाची नेमणूक ठरे. मराठ्यांच्या दौडीस मात्र उपयोगी पडला तो बव्हंशीं भीमथडीचा तट्टू. त्याला अरबी घोड्याचें रूप नाहीं व वर्गवारींत मान नाहीं. पण थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेनें, दिवसामागून दिवस तो चाले. त्याची कीर्ति ग्रंथकारांनीं केलेली नसून स्वारांनीं केलेली आहे.

मावळाशीं या विषयाचा संबंध निकटचा आहे. तळेगांव हें सेनापति दाभाड्यांचें ठिकाण. खंडेराव दाभाड्यांस १७१७ सालीं सेनापतिपद मिळालें, आणि त्यांच्या घराण्याचे घोडे गुजराथपर्यंत दौडले. त्याच तळेगांवच्या माळावर पुढें मोटारी तयार झाल्या, त्याची हकीकत पांचव्या कलमांत येईल.

३.

आतां घाटाकडे वळूं. १८०४ सालीं वेलस्लीनें तोफा नेण्याजोगी वाट बोरघाटांत करविली, आणि १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यानें गाड्यांचा रस्ता खुला केला. तोंपर्यंत ओझ्याच्या बैलांवरून व माणसांच्या खांद्यांवरून जाणारा माल चाकांवरून जाऊं लागला, आणि चाकाची परीक्षा घाट घेऊं लागला. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीस पोहोंचली, १८५८ सालीं पुणें व खंडाळा यांमध्यें सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत प्रवासी पालखींत किंवा मिळेल त्या वाहनानें चढत. जेम्स बर्कले या इंजिनियरच्या देखरेखीखालीं झालेला लोहमार्गाचा चढाव १,८३१ फुटांचा होता. या कामाची ख्याति साऱ्या जगांत झाली. तरीही १८६७ च्या पावसाळ्यांत घाटांतील एक मोठा पूल ढांसळला. जगाचें कौतुक त्याच्या कमानींस आधार देऊं शकलें नाहीं.

घाटरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें इंग्रजांस डोंगरांतून वाट दाखविली व त्यांनींच त्यास ठार केलें, अशी आख्यायिका आहे. तिचें ऐतिहासिक मूल्य कांहींही असो. ट्रकवाले व टॅक्सीवाले तेथें नाणें टाकून पुढें जातात, हें मात्र प्रत्यक्ष आहे. ज्याला गाडीचा पूर्ण भरंवसा आहे असा चालकही नाणें टाकतो. भरंवसा कोठें संपतो हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार!

याच घाटांत १८३० च्या सुमारास बांधलेला एक दगडी पूल होता. तो कोणी बांधला, कोणत्या कामासाठीं बांधला, हें शेंकडा एका प्रवाशासही सांगतां आलें नसतें; पण त्याचें नांव सर्वांस पाठ होतें. डोकेदुखीवरील अमृतांजन या मलमाची जाहिरात त्यावर होती, म्हणून तो ‘अमृतांजन पूल’ झाला. हें मलम १८९३ सालीं मुंबईंत निघालें. म्हणजे पूल मलमापेक्षां साठ वर्षांनीं वडील. ५ एप्रिल १९२० नव्हे, तर २०२० या दिवशीं तो सुरुंगानें पाडला गेला, तेव्हां वर्तमानपत्रांनींही त्याच नांवानें त्याचें निधन जाहीर केलें. छापेचें सामर्थ्य किती असतें याचें याहून चांगलें उदाहरण मावळांत नाहीं : दगडावर रंगविलेल्या नांवानें दगड रचणाऱ्याचें नांव पुसून टाकलें.

मोटार आल्यावर घाटाचें परीक्षकपण अधिक कडक झालें. चढावर इंजिन तापे, रेडिएटरांतील पाणी उकळे, आणि झांकण उघडून वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागे. पुण्यामुंबईच्या सपाट रस्त्यांवर सर्व गाड्या सारख्याच वाटत; खंडाळ्याच्या चढावर त्यांची वर्गवारी आपोआप होई. या प्रांतांतील जुन्या फिटरांच्या तोंडीं गाडीविषयीं पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीची’ हा नसे. ‘घाट चढते का’ हा असे.

४.

स्वातंत्र्योत्तर काळांत ग्राहकास निवडीला जागाच थोडी होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्यास बने. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर १९५७ पासून बंगालमध्यें उत्तरपाडा येथें बने. आणि मद्रासेस स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षें थांबावें लागे, म्हणून जुन्या गाडीचा बाजार तेजींत असे. अशा काळांत घडलेली एक गोष्ट, जिचे कागद माझ्या घरीं आहेत, येथें नोंदवितों.

माझे एक चुलते मावळांत डॉक्टर होते. त्यांच्या पश्चात् त्यांच्या मोटारींच्या कागदांचा एक रुमाल माझ्याकडे आला. त्यांत दोन गाड्यांच्या खरेदीच्या पावत्या, नोंदणीचीं पुस्तकें, गॅरेजचीं बिलें व एक खर्डावही आहे. पहिली गाडी परदेशी घडणीची, मोठ्या नामांकित छापेची, जुनी घेतलेली. कोणत्या छापेची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें दिसेल कीं दोष केवळ तिचा नव्हता. आमच्या घरांत त्या गाडीविषयीं एक हकीकत पिढीजात सांगितली जाई. आषाढांतल्या एका रात्रीं पवनेच्या खोऱ्यांतून एका अडलेल्या बाळंतिणीस पुण्यास नेत असतां गाडी वाटेंत बंद पडली. बाई वांचली, मूल वांचलें नाहीं. चुलत्यांनीं ती गाडी विकली व त्या छापेचें नांव पुन्हा घेतलें नाहीं. ‘नांव मोठें, लक्षण खोटें’ म्हणून ती गोष्ट आम्हां मुलांस सांगत.

ही झाली बखर. आतां कागद पाहूं. खर्डावहींत त्या दिवसाच्या पानावर ओढून नेण्याचा खर्च लिहिला आहे, व पुढें दोनच शब्द आहेत : ‘उशीर झाला’. बिलें तारीखवार लावून पाहतां असें दिसलें कीं, त्यापूर्वीं सुमारें दोन महिने एका साध्या स्थानिक गॅरेजच्या बिलावर फिटरानें तळाशीं लिहिलें होतें कीं पंख्याचा पट्टा झिजला आहे, बदलावा. नवा पट्टा घेतल्याची पावती नाहीं. ती हरवली असेल, असें मीं प्रथम मानलें. पण त्या रात्रीनंतरच्या बिलांत पहिलीच बाब ‘पट्टा तुटला, नवा घातला’ अशी आहे. म्हणजे सूचना होती, पण ती पाळली गेली नाहीं. अशा गाडीला इतक्यांत काय होणार, अशी चुलत्यांची समजूत झाली असावी. एवढ्या काटेकोर मनुष्यानें, जो रोग्याच्या नाडीवर कधीं अनुमानानें बोलला नाहीं, त्यानें गाडीच्या बाबतींत नांवावर विसंबून राहावें, याचें दुसरें कारण मला दिसत नाहीं.

हें वाचून मला फार वेळ कांहीं सुचलें नाहीं. घरांतील कथेनें छापेस दोषी ठरविलें होतें. कागद मात्र निराळी साक्ष देत होते. ख्याति खरेदीपूर्वीं मनुष्यास भुलविते एवढेंच आपण म्हणतों. ती खरेदीनंतरही त्याची दृष्टि मंद करिते, हें मला त्या चिठोऱ्यानें शिकविलें. चुलत्यांस तें कळलें होतें असें वाटतें. कारण त्यांच्या दुसऱ्या गाडीचीं, एका जुन्या फियाटचीं बिलें एकही महिना न चुकतां आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिची परीक्षा लिहिली आहे : चार माणसें घेऊन भर दुपारीं खोपोलीहून खंडाळा, पाणी किती लागलें, कोठें थांबावें लागलें. विकणाऱ्यानें काय सांगितलें याचा उल्लेख नाहीं.

त्या फियाटच्या कुळाची पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १९७४ पासून ती पद्मिनी झाली व मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचें दुसरें नांव बनली. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ सालीं रस्त्यावरून गेली. ती सर्वांत वेगवान अथवा सुखकर होती असें कोणी म्हणणार नाहीं. पण तिचा सुटा भाग कोणत्याही नाक्यावर मिळे व कोणताही फिटर ती उघडून लावी. टॅक्सीवाल्याच्या हिशेबीं भरंवशाचा अर्थ गाडी कधींच बिघडत नाहीं हा नसून, बिघडली तर संध्याकाळपर्यंत चालू होते, हा आहे.

५.

आतां तळेगांवची हकीकत. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, व शेवरोले हें नांव त्या काळीं घरोघर माहीत होतें. सुटे भाग बाहेरून आणून नुसते जोडणाऱ्या कंपन्यांस पुढें जागा राहिली नाहीं, आणि १९५४ सालीं ती कंपनी येथून गेली. १९९० नंतरच्या दशकांत ती गुजराथेंत हालोल येथें परत आली, २००३ सालीं शेवरोले हें नांव पुन्हा बाजारांत आलें, आणि सप्टेंबर २००८ मध्यें तळेगांवचा मोठा कारखाना सुरू झाला. मावळच्या शेतकऱ्यांचीं मुलें तेथें कामास लागलीं. गांवच्या माळावर जगप्रसिद्ध नांवाची गाडी तयार होते, याचा अभिमान लोकांस वाटणें स्वाभाविक होतें.

२०१३ सालीं कंपनीनें टवेरा या गाडीच्या १,१४,००० गाड्या धूर व इतर नियमांच्या बाबतींतील दोषांमुळें परत बोलाविल्या. विक्री उतरत गेली. मे २०१७ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं वर्षाखेर भारतांतील विक्री बंद होईल. आहेत त्या गाड्यांस दुरुस्ती व सुटे भाग मिळत राहतील असें आश्वासन दिलें गेलें. पण जुन्या बाजारांत शेवरोलेचा भाव तत्काळ उतरला. येथें विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, घोषणेच्या आदल्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं गाडी तीच होती. इंजिन तेंच, चाकें तींच. बदललें तें एवढेंच कीं उद्यां तिच्या पाठीशीं कोण उभें राहील, याची खात्री गेली. नांवाची जी किंमत ग्राहक देतो ती भूतकाळाची नसून भविष्याची असते, हें तळेगांवकरांस त्या दिवशीं समजलें.

कारखान्यांतून बाहेरदेशीं जाणाऱ्या गाड्या डिसेंबर २०२० पर्यंत निघत होत्या. एका चिनी कंपनीशीं केलेला विक्रीचा करार तडीस गेला नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें हुंदाई या कोरियन कंपनीशीं करार झाला, आणि २०२५ सालीं तेथें पुन्हा मोटारी तयार होऊं लागल्या. जागा तीच, फाटकावरील नांव निराळें.

याच्या उलट उदाहरण शेजारींच आहे. टाटांची इंडिका १९९८ सालीं पिंपरीहून आली, तेव्हां आरंभींच्या गाड्यांविषयीं तक्रारी पुष्कळ झाल्या. कंपनीनें दोष काढले व २००१ सालीं सुधारलेली आवृत्ति बाजारांत आणली; ती चालली. पहिल्या आवृत्तींतील चुका दुसरींत शुद्ध करणारा संपादक आणि ग्रंथ अर्धवट टाकून जाणारा संपादक यांत वाचक कोणास मान देतो, हें येथील वाचकांस सांगावयास नको.

६.

जुन्या गाडीच्या बाजारावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यानें १९७० सालीं एक निबंध लिहिला, व २००१ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें प्रतिपादन थोडक्यांत असें : विकणाऱ्यास गाडीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांस मध्यम किंमत देऊं करितो, त्या किंमतीस चांगल्या गाडीचा मालक विकत नाहीं, आणि बाजारांत वाईटच माल उरतो. यावर उपाय म्हणजे हमी व नांवलौकिक. मोडी कागदांच्या व पोथ्यांच्या बाजारांत ज्यांनीं व्यवहार केला आहे त्यांस हा सिद्धान्त निबंध न वाचतांही समजेल. बनावट सनदा वाढल्या कीं अस्सल सनदेचा धनी ती दाखविण्यासच कचरतो.

म्हणून या विषयांतही आपली जुनी कसोटीच लावावी. जाहिरात ही बखर होय. ती सर्वस्वीं टाकाऊ नाहीं, पण मागाहून व हेतूनें लिहिलेली असते. शेजाऱ्याचें मत ही आख्यायिका. दुरुस्तीचें बिल, नोंदणीचें पुस्तक, घाटांत किती पाणी लागलें याची नोंद, हीं अस्सल चिठोरीं. राजवाड्यांनीं इतिहासाच्या क्षेत्रांत अशा चिठोऱ्यांस बखरींच्या वर स्थान दिलें, तेंच येथें द्यावें. गाडीच्या अंतरमापकाचा आंकडाही मागें फिरवितां येतो. तेव्हां तो आंकडा व बिलांवरील आंकडे ताडून पाहणें म्हणजे दोन प्रतींचा पाठ ताडून पाहण्यासारखेंच आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्या घरांतील जुन्या मोटारींचीं बिलें, पेट्रोलच्या वह्या, नोंदणीचीं पुस्तकें रद्दींत जात आहेत. घोड्यांच्या हजिरीचे कागद आपल्या पूर्वजांनीं फेंकले नाहींत म्हणून आपणांस त्यांच्या फौजा कळतात. हे कागदही फेंकूं नयेत. माझ्या चुलत्यांचा रुमाल मीं तारीखवार लावून, यादी करून, संस्थेकडे देण्याचें ठरविलें आहे. त्यांतील फिटराची सूचना व खर्डावहींतील ते दोन शब्द हीं दोन्ही पानें मीं एकाच वेष्टनांत ठेविलीं आहेत.